भाड्याची गाडी बर्फात नेताना

२७ डिसेंबर २०१४. नाताळ आणि नववर्षाच्या मधला शनिवार. फ्रेंच आल्प्समधल्या स्कीइंगच्या गावांत घरं आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने देतात आणि तो आठवडा बहुतेक ठिकाणी शनिवारी बदलतो. जुने पाहुणे त्याच दिवशी डोंगर उतरतात, नवे त्याच दिवशी चढतात आणि दोघांचा रस्ता एकच. त्या शनिवारी नेमका जोरदार बर्फ पडला. साव्हुआ जिल्ह्यात सुमारे १५ हजार वाहनचालक अडकून पडले. आल्बेरव्हील, शांबेरी अशा गावांत प्रशासनाला तात्पुरते निवारे उघडून लोकांची रात्रीची सोय करावी लागली. अशा कोंडीत सगळ्याच गाड्या घसरलेल्या नसतात. चढावर दोन-चार गाड्या आडव्या झाल्या की मागची रांग थांबते, रस्त्यावरचा बर्फ काढणारं वाहन त्या रांगेच्याही मागे अडकतं, आणि बर्फ काही कुणासाठी थांबत नाही.

भाड्याची गाडी अशा प्रसंगात सहज सापडते, त्याचं कारण साधं आहे. ती सपाटीवरच्या विमानतळावर उभी असते आणि तिची देखभालही सपाटीच्या हिशेबानेच होते. कालचा गिऱ्हाईक तिच्यातून शहरात मीटिंगला गेला, आज तुम्ही तिला दोन हजार मीटर उंचीवर नेणार. गाडी देणारा धरून चालतो की काय हवं ते गिऱ्हाईक मागेल, आणि गिऱ्हाईक धरून चालतो की हिवाळा आहे म्हणजे कंपनीने सगळं केलंच असेल. म्युनिक, झुरिक, लंडनकडे नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी मंडळी, किंवा पुण्या-मुंबईहून थेट येणारं कुटुंब, यांच्या बाबतीत हे जास्तच होतं, कारण बर्फातल्या गाडीला वेगळं काही लागतं हे आपण लहानपणापासून पाहिलेलं नसतं. पावसाळ्याआधी वायपर बदलायचे, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. इथे मात्र सगळं विचारूनच घ्यावं लागतं, आणि तेही काउंटरवरून किल्ली हातात पडण्याआधी.

खरं तर बुकिंगच्याही आधी. जिनिव्हा विमानतळाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तो स्वित्झर्लंडमध्ये आहे, पण अगदी फ्रान्सच्या सीमेला खेटून. त्यामुळे त्याला स्विस आणि फ्रेंच अशा दोन बाजू आहेत आणि दोन्हीकडे गाड्या भाड्याने मिळतात. फ्रेंच बाजूचं भाडं बरेचदा कमी दिसतं, म्हणून लोक तिकडे बुकिंग करतात. स्विस बाजूच्या गाडीला हिवाळ्यात सहसा हिवाळी टायर असतात आणि स्विस महामार्गांसाठी लागणारा ४० फ्रँकचा वार्षिक परवाना आधीच भरलेला असतो. फ्रेंच बाजूला हिवाळी टायर बरेचदा जादा पैसे देऊन, आधी सांगून घ्यावे लागतात. चाकांना लावायच्या साखळ्या, टायर, छतावरचा स्कीचा रॅक असं सगळं मिळवून बेरीज केली की स्वस्त गाडीचा स्वस्तपणा बऱ्यापैकी उतरतो. शिवाय ज्या बाजूने गाडी घेतली त्याच बाजूला परत करायची, आणि फ्रेंच बाजूला जाणारा रस्ता फ्रान्समधून येतो. परतीचं विमान गाठायच्या घाईत चुकीच्या बाजूला पोचलेला माणूस विमानतळाची इमारत समोर दिसत असूनही तिला वळसा घालत राहतो.

आता टायर. या सगळ्या तयारीचा निम्म्याहून जास्त भार त्यांच्यावर आहे, म्हणून जरा सविस्तर.

चारचाकी गाडी रस्त्याला फक्त चार ठिकाणी टेकते आणि प्रत्येक ठिकाणची जागा साधारण तळहाताएवढी असते. वेग, वळण, ब्रेक या सगळ्यांचा जोर तेवढ्याच जागेतून रस्त्यावर जातो. उन्हाळी टायरचं रबर गरम डांबरावर टिकेल अशा बेताने बनवलेलं असतं. थंडीत ते कडक होतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली त्याची पकड कमी होऊ लागते, असा युरोपातला ढोबळ नियम आहे. म्हणजे बर्फ पडायच्या आधीच, नुसत्या गारठलेल्या ओल्या रस्त्यावरही फरक सुरू होतो. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबराचं आणि सिलिकाचं प्रमाण असं ठेवतात की शून्याखालीही ते लवचिक राहावं. दुसरा फरक नक्षीचा. हिवाळी टायरच्या नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. टायर फिरताना त्या उघडतात आणि बर्फाला कडेने धरतात. मोठ्या खाचांत बर्फ दाबून भरला जातो, तोही कामाचा, कारण दाबलेला बर्फ बर्फाला चांगला चिकटतो. खाचांत बर्फ भरलेला टायर पाहून तो साफ करायला घेणारे नवखे असतात. तो तसाच राहू द्यावा.

हे तंत्र काही आजचं नाही. फिनलंडच्या नोकियन कंपनीने १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी बर्फाचा टायर काढला. त्या देशात रस्ते मोकळे होण्याची वाट बघत बसलं असतं तर अर्धं वर्ष घरातच गेलं असतं.

पार्किंगमध्ये गाडीजवळ गेल्यावर वाकून टायरच्या बाजूला बघायचं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण असं छोटं चित्र कोरलेलं असेल, तर तो टायर बर्फावरची ठरावीक चाचणी पार करून आलेला आहे. नुसती ‘एम+एस’ ही अक्षरं असतील, तर तो चिखल आणि बर्फासाठी आहे असं उत्पादकाने स्वतःच म्हटलेलं असतं; त्यामागे चाचणी नसते. अनेक देशांच्या कायद्यात हा फरक आता आला आहे. जर्मनीत बर्फ-गारठ्याच्या रस्त्यावर १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेलाच टायर हिवाळी मानतात. फ्रान्सनेही १ नोव्हेंबर २०२४ पासून तेच केलं. ‘ऑल सीझन’ म्हणून मिळणाऱ्या टायरवरही हे चिन्ह असू शकतं, आणि असेल तर कायद्याला तो चालतो.

चिन्ह दिसलं म्हणून लगेच उठू नका. नक्षीची खोली बघायची आहे. कायद्याने चालणारी किमान खोली बहुतेक युरोपात १.६ मिलिमीटर असली, तरी बर्फावर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. ऑस्ट्रियाने तर ४ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी असलेला टायर हिवाळी म्हणून धरायचाच नाही असं ठरवून टाकलंय. दोन युरोचं नाणं खाचेत उभं धरलं, तर त्याची बाहेरची चंदेरी कड साधारण चार मिलिमीटर रुंद असते. ती पूर्ण बुडाली पाहिजे. न बुडाल्यास काउंटरवर परत जाऊन दुसरी गाडी मागावी, आणि ती मागताना अजिबात संकोच करू नये. आपल्याकडे ‘चालवून घ्या हो, काही होत नाही’ म्हणण्याची जी सवय आहे, ती या एका बाबतीत पार्किंगमध्येच सोडावी.

चारचाकी ओढ असलेली, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह गाडी मिळाली की पुष्कळांना वाटतं, आता कशाला टायर बघायचे! चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो तो गाडी पुढे नेण्यासाठी. थांबायला प्रत्येक गाडीला चारच ब्रेक असतात आणि तेच चार टायर. उन्हाळी टायर लावलेली मोठी एसयूव्ही चढ दिमाखात चढते आणि उतारावर पहिल्याच वळणाला सरळ जाते. बर्फावरच्या चाचण्यांत उन्हाळी टायरला थांबायला हिवाळी टायरच्या जवळजवळ दुप्पट अंतर लागतं, मग गाडी कितीही महागाची असो.

कायद्यांचं थोडक्यात. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात आल्प्स, जुरा, पिरेनीज, व्होज, मासिफ सांत्राल आणि कॉर्सिका इथल्या ठरवून दिलेल्या डोंगरी गावांत चारही हिवाळी टायर तरी हवेत, नाहीतर निदान दोन चाकांसाठी साखळ्या किंवा चाकांवर चढवायचे कापडी मोजे गाडीत हवेत. हा नियम २०२१ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्त्यावर बर्फ किंवा चिखलबर्फ असेल तेव्हा. इटलीत अनेक रस्त्यांवर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल. जर्मनीत तारखा नाहीत, परिस्थिती बघतात. स्वित्झर्लंडमध्ये सरसकट सक्तीच नाही, पण चुकीच्या टायरमुळे वाहतूक अडली किंवा अपघात झाला तर जबाबदारी तुमची. आणि निळ्या गोल फलकावर साखळी घातलेलं चाक दिसलं, की कुठल्याही देशात असा, तिथून पुढे साखळी घातल्याशिवाय जायचं नाही.

साखळ्यांचा शोध १९०४ सालचा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड याने त्या वर्षी त्यांचं पेटंट घेतलं. चिखलातून जाताना लोक चाकांना दोर आणि वेली गुंडाळत, ते बघून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. मूळ युक्ती आजही तीच आहे. साखळीची कडी बर्फात रुतते, चाकाला धरायला काहीतरी मिळतं.

भाड्याच्या गाडीत साखळ्या मिळाल्या, तर डिकीतली पेटी विमानतळावरच उघडून पाहावी. पेटीवर मापांचा तक्ता असतो आणि टायरवर ‘२०५/५५ आर १६’ अशासारखा आकडा. टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, आणि रिम १६ इंची. हा आकडा जसाच्या तसा तक्त्यात सापडायला हवा. जवळपासचा चालत नाही. सैल साखळी सुटते, घट्ट साखळी बसत नाही. मागच्या गिऱ्हाइकाच्या वेळी गाडी दुसरी असेल आणि पेटी मात्र या गाडीत आली असेल, असं होऊ शकतं. मग गाडीचं पुस्तक काढा. काही गाड्यांत चाक आणि आतल्या भागांमध्ये इतकी कमी जागा असते की साधी साखळी चालत नाही, बारीक कड्यांचीच लागते. आणि काही रुंद टायरांवर साखळी लावूच नये असं उत्पादक स्पष्ट लिहितो. पुस्तकात हेही सापडेल की साखळी कुठल्या चाकांना लावायची. इंजिनाचा जोर ज्या चाकांवर, त्या चाकांना. भाड्याच्या लहान-मध्यम गाड्यांत ती बहुधा पुढची असतात, पण सगळ्यांत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढे साखळी लावून बसलेला माणूस तासभर घाम गाळतो आणि गाडी जागची हलत नाही.

लावायची रीत एकदा कोरड्यात करून बघावी. मऊ तारेचं कडं चाकाच्या मागून सरकवायचं, त्याची दोन्ही टोकं वर आणून चाकाच्या माथ्यावर एकमेकांत अडकवायची. मग साखळीचं जाळं टायरच्या तोंडावर ओढून घ्यायचं, पुढच्या बाजूचे आकडे लावायचे आणि शेवटी ताणायची साखळी खालच्या कुलुपातून ओढून तिचं टोक बाजूला अडकवायचं. कुठलं टोक कुठे, हे कळावं म्हणून बहुतेक कंपन्या टोकांना वेगवेगळे रंग देतात. वाचताना सोपं वाटतं. अंधारात, उतारावर, नाकातून पाणी गळत असताना आणि मागून कुणीतरी हॉर्न वाजवत असताना तारेचं मागचं टोक कुठे गेलं ते सापडत नाही. म्हणून हातात लोकरी मोजे आणि त्यावर स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे घालावेत. बोटं कोरडी राहतात आणि कडीही हाताला लागते. गुडघ्याखाली टाकायला डिकीतली जुनी चटई किंवा पुठ्ठा. लावून झाल्यावर पन्नास-शंभर मीटर गाडी चालवून थांबायचं आणि साखळी पुन्हा ताणायची. हे दुसऱ्यांदा ताणणं लोक हटकून विसरतात आणि मग सुटलेलं टोक मडगार्डच्या आत धाडधाड आपटत राहतं. वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत.

साखळी लावायची जागाही महत्त्वाची. घाटाच्या पायथ्याशी त्यासाठी रुंद थांबे केलेले असतात. तिथे सपाट जमिनीवर काम पाच-दहा मिनिटांचं. पाच किलोमीटर वर चाक फिरायला लागल्यावर, चढावर, ते शिक्षा होतं. पायथ्याच्या थांब्यावर स्थानिक लोक साखळ्या चढवताना दिसले की आपणही मुकाट्याने चढवाव्यात. त्यांना पुढचं माहीत असतं.

कापडी मोजे हा सोपा पर्याय. चाकावर पिशवीसारखे चढतात, हलके असतात, फ्रान्सच्या नियमात बसतात. कोरड्या डांबरावर मात्र ते भराभर झिजतात, त्यामुळे बर्फ आणि डांबर आलटून-पालटून येणाऱ्या रस्त्यावर किती टिकतील याचा भरवसा नाही. थोड्या अंतरासाठी, अडचणीच्या वेळी, चांगले.

आणखी एक बारकी गोष्ट. बऱ्याच भाड्याच्या गाड्यांत स्टेपनीच नसते. पंक्चर बुजवायचं रसायन आणि पंप एवढंच. काहींत बारीक, तात्पुरती स्टेपनी असते आणि तिच्यावर साखळी बसत नाही. पुढचा टायर पंक्चर झाला, तर ती स्टेपनी मागे लावायची आणि मागचं चांगलं चाक पुढे आणून त्यावर साखळी चढवायची. भर बर्फात दोन चाकं खोलायची म्हणजे संध्याकाळ गेलीच, पण दुसरा मार्ग नाही.

टायर झाले. आता गाडीतले द्रव. यात पहिला नंबर काच धुण्याच्या पाण्याचा, आणि त्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आल्प्सच्या रस्त्यांवर मीठ टाकतात. पुढच्या गाडीच्या चाकांवरून उडालेलं खारट पाणी काचेवर वाळतं आणि दहा मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं. एका लांबच्या प्रवासात वॉशरची अख्खी टाकी संपू शकते. सपाटीवर भरलेलं साधं किंवा पातळ केलेलं पाणी वर जाऊन फवाऱ्याच्या तोंडाशीच गोठतं. कधी काचेवर पडल्यावर गोठून पांढरा पडदा तयार होतो, तोही महामार्गाच्या वेगात. पेट्रोल पंपावर शून्याखाली २० अंशांपर्यंत चालणारं तयार द्रव्य मिळतं, ते घ्यावं. टाकी आधीच पाण्याने भरलेली असेल, तर ते पाणी फवारून संपवावं आणि मग भरावं. बाटलीवरचा आकडा पाणी न मिसळता वापरण्याचा असतो, अर्धी टाकी पाणी असताना त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

डिझेल गाडी असेल तर दुसरा मुद्दा. डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे कण बनतात, फिल्टर तुंबतं आणि सकाळी गाडी चालू होत नाही, किंवा चालू होऊन पाच मिनिटांनी मान टाकते. म्हणून हिवाळ्यात पंपावर वेगळ्या मिश्रणाचं डिझेल येतं. पण त्याची मर्यादा देशागणिक वेगळी आहे: जर्मनीतलं हिवाळी डिझेल शून्याखाली २० अंशांसाठी ठरवलेलं, स्पेनमधलं १० अंशांसाठी. बार्सिलोनाला टाकी फुल्ल करून अँडोराला स्कीइंगला जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. साधा उपाय असा की निघताना टाकी काठोकाठ भरायची नाही. डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ती बरीच रिकामी होऊ द्यायची आणि तिथल्या पंपावर भरायची, कारण डोंगराळ भागातले पंप तिथल्या थंडीच्या हिशेबाने डिझेल ठेवतात. आपल्याकडे लडाखमध्ये हीच अडचण होती. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे शून्याखाली ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल सुरू केलं, तोवर तिथले चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळून वेळ मारून नेत. भाड्याच्या आधुनिक गाडीत रॉकेलचा प्रयोग करू नये; इंजेक्टरचं बिल सुट्टीच्या खर्चाइतकं येतं.

टायरमधली हवा थंडीत आपोआप कमी होते. गरम तळघरात, १५ अंशांना भरलेली हवा डोंगरावर शून्याखाली १५ अंशांना मोजली, तर चार-पाच पीएसआय कमी भरते. दुसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला म्हणून पंक्चर समजून घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये. वर गेल्यावर, गाडी गार असताना, हवा भरून घ्यावी. बॅटरीचंही तसंच. शून्याखाली १८ अंशांना तिची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं तेल ढवळायला इंजिनाला जास्त जोर लागतो. गाडी ताब्यात घेतानाच स्टार्टर कण्हत असेल, तर वर जाऊन तो सुधारणार नाही. इलेक्ट्रिक गाडी मिळाली असेल तर थंडीत तिची धाव चांगलीच कमी होते हे धरून चार्जिंगचे थांबे ठरवावेत, आणि निघण्याआधी, चार्जर लावलेला असतानाच, गाडी आतून गरम करून घ्यावी.

डिकीत काय हवं? लहान फावडं, काच खरवडायचा खरवडा, ब्रश, टॉर्च, एक जाड चादर, पाणी आणि खायला काहीतरी. चमकणारं जाकीट आणि त्रिकोण फ्रान्समध्ये सक्तीचे आहेत. जाकीट डिकीत नको, हाताला येईल असं आत हवं. भाड्याच्या करारात पाहायचं ते एवढं: गाडी सीमेपलीकडे नेता येते का, आणि विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ धरलेत का. बहुतेकदा नसतात, आणि बर्फात नुकसान नेमकं त्यांचंच होतं. भारतातून येणाऱ्याने आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवावा. तो वर्षभर चालतो.

मग चढाई. मूतिए हे पायथ्याचं गाव सुमारे ४८० मीटर उंचीवर, आणि तिथून वर व्हाल तोराँस २३०० मीटरवर, युरोपातल्या सगळ्यात उंच स्की-गावांपैकी. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे मूतिएत ५ अंश आणि पाऊस असेल, तर वर शून्याखाली ७ अंश आणि बर्फ. एका तासाच्या आत ऋतू बदलतो. बहुतेक गाड्यांत बाहेरचं तापमान ३-४ अंशांवर आलं की हिमकणाचा दिवा लागतो आणि टुंग वाजतं. त्या क्षणापासून पुलांवर आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर रस्ता ओला दिसत असला तरी तो पाण्याने ओला आहे असं धरू नये. शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा पातळ थर असलेला गोठलेला रस्ता सगळ्यात निसरडा असतो. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्यापेक्षा बरा.

नॅव्हिगेशनवर आंधळा विश्वास नको. गॅलिबिए, इझराँ अशा उंच खिंडी हिवाळाभर बंद असतात. नकाशावर त्यातून जाणारा रस्ता जवळचा दिसतो, आणि जुना नकाशा असलेलं यंत्र तुम्हाला बंद फाटकापाशी नेऊन सोडतं.

चालवण्याच्या बाबतीत घाटात गाडी चालवलेल्या माणसाला फार शिकवायला नको. ज्या गिअरने घाट चढला त्याच गिअरने उतरायचा, हे आपल्याकडे ट्रकवाल्यांपासून सगळ्यांना ठाऊक असलेलं सूत्र बर्फात दुप्पट लागू पडतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर हाताने खालचा गिअर धरून ठेवावा. पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी काढावी, म्हणजे चाक जागच्या जागी फिरत नाही. ब्रेक दाबताना पायाखाली पेडल थरथरलं तर ते एबीएसचं काम आहे; पाय उचलू नये. खोल बर्फात चाक रुतलं तर घसरण थांबवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा थोडा वेळ बंद करावी लागते, कारण ती चाकाला फिरूच देत नाही. बटण कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. क्रूझ कंट्रोल बंद. आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरी रस्त्यावर पिवळी पोस्टाची बस तीन सुरांचा हॉर्न वाजवत आली की तिला वाट द्यायची. अशा रस्त्यांवर तिचा चालक सांगेल तसं मागे-पुढे व्हायचं, असा नियमच आहे. ते सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेरातले आहेत, तेवढीच करमणूक.

मुक्कामाला पोचल्यावर हँडब्रेक ओढून झोपायला जाणं ही आपली पक्की सवय. ओल्या गाडीचा ओढलेला हँडब्रेक रात्रीत गोठतो आणि सकाळी मागची चाकं सुटत नाहीत. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकामागे काहीतरी लावून सोडावी. बटणाचा हँडब्रेक आपोआप लागत असेल तर तो कसा सोडायचा ते पुस्तकात असतं. वायपर काचेवरून उभे करून ठेवावेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचा ‘ऑटो’ स्विच बंद करावा. नाहीतर सकाळी किल्ली फिरवताच सेन्सर काचेवरचं पाणी ओळखतो, मोटर काचेला चिकटलेला वायपर ओढू लागते आणि रबर फाटतं किंवा फ्यूज उडतो.

सकाळी काचेवर गरम पाणी ओतायचा मोह होतो. थंड काच त्याने तडकू शकते. खरवडून काढायची, सगळ्या बाजूंनी. चालकापुरती एक खिडकी खरवडून निघणारे लोक दिसतात. जर्मनीत त्यासाठी दंड होतो. छतावरचा बर्फही झाडायचा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो अख्खा पुढे घसरून काच झाकतो. आतल्या बाजूने काच धुरकट झाली तर नुसता हीटर लावून उपयोग नाही. एसी चालू, हवा गरम, आणि बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडी. एसी हवेतला ओलावा काढतो. बूट झटकून बसावं, कारण पायपुसण्यावर वितळलेला बर्फच पुढे काचेवर येऊन बसतो. मुलांची जाड जाकिटं पट्टा लावण्याआधी काढावीत. कापसाच्या फुगवट्यावरून लावलेला पट्टा धडकेच्या वेळी सैल ठरतो.

रस्त्यात कोंडी झाली आणि इंजिन चालू ठेवून बसायची वेळ आलीच, तर दर थोड्या वेळाने उतरून मागचा धुराचा पाइप बर्फाने बुजला नाही ना ते पाहावं. तो बुजला की कार्बन मोनॉक्साइड गाडीत येतो आणि त्याला वास नसतो.

उतरताना बर्फ संपून डांबर दिसू लागलं की पहिल्याच थांब्यावर साखळ्या काढायच्या. कोरड्या रस्त्यावर त्या स्वतःही तुटतात आणि टायरही खातात. त्या ओल्याच पेटीत कोंबल्या तर गंजतात, म्हणून मुक्कामी कोमट पाण्याने मीठ धुऊन वाळवाव्यात. गाडी परत करण्याआधी विमानतळाजवळच्या केंद्रावर एकदा धुऊन घ्यावी. मिठाच्या करड्या थराखाली ओरखडे दिसत नाहीत, आणि तो थर कंपनीने नंतर धुतला की जे ओरखडे निघतील ते तुमच्या नावावर जातात. साखळीने चाकाच्या कमानीच्या आत काही लागलंय का ते टॉर्च मारून बघावं, चारही बाजूंचे आणि चारही रिमचे फोटो काढावेत. पहाटेचं विमान असेल आणि किल्ली पेटीत टाकून जायचं असेल, तर हे फोटो अंधारात काढावे लागतात. त्यासाठी पार्किंगमधली दिव्याखालची जागा शोधावी.